लसीची नोंद आणि रुग्णाची नोंद

२०२१ च्या जानेवारीत कोरोना प्रतिबंधक लसीकरणाला देशभर प्रारंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवकांचा होता. नाशिक जिल्ह्यातील एका दंत महाविद्यालयातील तरुण महिला डॉक्टरनेही त्या पहिल्या टप्प्यातच कोव्हिशील्ड लसीची मात्रा घेतली. मार्च महिना उजाडला, तेव्हा ती या जगात नव्हती. तिच्या वडिलांनी पुढे मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. हा मृत्यू लसीच्या दुष्परिणामामुळे झाल्याचा निष्कर्ष केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीनेच ऑक्टोबर २०२१ मध्ये काढला होता, असे त्या याचिकेत नमूद होते. नुकसानभरपाई किती आणि उत्तरदायित्व कोणाचे, हा न्यायालयाच्या अधिकारातील विषय आहे. परंतु याचिकेतील तारखा प्रमाण मानल्या, तर एका पित्याला त्याच्या साध्या प्रश्नाचे अधिकृत उत्तर मिळण्यास सात महिने लागले. या सात महिन्यांचा विचार मात्र न्यायालयाबाहेरही व्हायला हवा.

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर सोपे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे लसीकरणात पदोपदी घडते. भारतात कोरोना लसीच्या २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. एवढ्या प्रचंड संख्येत लस घेतल्यानंतर आठवड्याभरात कोणाला हृदयविकाराचा झटका येणार, कोणाला पक्षाघात होणार, कोणी अपघातात सापडणार, हे उघड आहे. यांतले काहीही लस दिली नसती तरी घडलेच असते. म्हणून एकेका घटनेकडे पाहून लसीला दोषी अथवा निर्दोष ठरविता येत नाही. लस घेतलेल्यांमध्ये एखाद्या आजाराचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा, किंवा त्याच समाजात एरवी आढळणाऱ्या प्रमाणापेक्षा, खरोखरच वाढले का, हे पाहावे लागते. त्यासाठी कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या बॅचची लस दिली, याची नोंद हवी आणि कोण, केव्हा, कोणत्या आजाराने रुग्णालयात दाखल झाला, याचीही हवी. या दोन्ही नोंदी एकमेकींना भेटल्या, तरच उत्तर मिळते. आपल्याकडे त्या भेटत नाहीत. अडचण नेमकी येथे आहे.

आज देशात जी व्यवस्था आहे, ती कोणीतरी कळविण्यावर अवलंबून आहे. लसीनंतरच्या प्रतिकूल घटनांवर देखरेख ठेवण्याचे काम भारतात १९८८ पासून चालू आहे. जिल्हा, राज्य आणि केंद्र अशा तीनही पातळ्यांवर समित्या आहेत. गंभीर घटनेची माहिती ४८ तासांत वर पोहोचावी, असा दंडकही आहे. आशा सेविकेने परिचारिकेला सांगावे, तिने वैद्यकीय अधिकाऱ्याला, त्याने जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला. या साखळीतील एक कडी निसटली, की घटना घडलीच नाही असे कागदावर दिसते. १७ मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसृत केलेली आकडेवारी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. ३ एप्रिलपर्यंत देशात साडेसात कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या. ७५३ पैकी ६८४ जिल्ह्यांतून मिळून २३ हजारांवर प्रतिकूल घटना नोंदल्या गेल्या. त्यांतील ७०० गंभीर होत्या. ४९८ गंभीर घटनांच्या सखोल परीक्षणानंतर कोव्हिशील्ड घेतलेल्या २६ जणांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता दिसली. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ असल्याचे सांगण्यात आले. ब्रिटनमध्ये ते ४ आणि जर्मनीत १० होते.

या आकड्याने त्या काळी अनेकांना हायसे वाटले. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत अशा गुठळ्यांचा धोका मुळातच बराच कमी असतो, हे कारणही तेव्हा सांगितले गेले आणि त्यात तथ्य आहे. पण ०.६१ या आकड्यात निसर्गाचा वाटा किती आणि न झालेल्या नोंदींचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्या ६९ जिल्ह्यांतून अडीच महिन्यांत एकही घटना कळविली गेली नाही, तेथे लस घेतलेल्या एकालाही साधा तापसुद्धा आला नाही, असे मानायचे काय?

याच काळात युरोपात काय घडले, ते पाहू. डेन्मार्कने ११ मार्च २०२१ रोजी अॅस्ट्राझेनेकाच्या लसीचा वापर थांबविला. कोव्हिशील्ड ही याच लसीची भारतात तयार झालेली आवृत्ती. त्यानंतर दोनच महिन्यांत डेन्मार्क आणि नॉर्वे येथील संशोधकांनी २ लाख ८१ हजार लस घेतलेल्या व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरांमधील गुठळ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा दर लाख व्यक्तींमागे ११ ने अधिक आहे, असे त्यांना आढळले. हे उत्तर इतक्या लवकर कसे मिळाले? तेथील शास्त्रज्ञ अधिक बुद्धिमान होते म्हणून नव्हे. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे. लस टोचली की त्या क्रमांकापुढे नोंद होते आणि रुग्णालयात दाखल झाले की त्याच क्रमांकापुढे निदान चढते. दोन वह्या शेजारी ठेवून वाचायच्या, एवढेच काम उरते. डेन्मार्क हे लहान आणि संपन्न राष्ट्र आहे, त्याची बरोबरी भारताशी कशी होईल, असा आक्षेप यावर लगेच घेतला जाईल. पण २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख आहे, डेन्मार्कपेक्षाही अधिक. एका जिल्ह्यापुरते हे काम करून पाहणे अशक्यप्राय म्हणता येणार नाही.

नोंदीचे हे महत्त्व महाराष्ट्राला नवे असण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. प्लेगने त्या वर्षांत महाराष्ट्रातील किती घरे उजाड केली याची गणती नाही. नाशिकजवळच्या भगूरमध्ये सावरकर बंधूंचे पितृछत्र १८९९ मध्ये याच रोगाने हिरावून घेतले. अशा काळात, ऑक्टोबर १९०२ मध्ये, पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात (ते आज पाकिस्तानात आहे) लस टोचून घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. मात्र त्या दिवशी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी मरण पावलेल्या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती आणि तिचा क्रमांक नोंदलेला होता. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, हा धागा त्यामुळेच हाती लागला. दोष लसीचा नव्हता, हाताळणीचा होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले आणि पुढे त्या प्रयोगशाळेलाच त्यांचे नाव मिळाले. बाटलीच्या क्रमांकाची नोंद नसती, तर लस आणि तिचा कर्ता दोघेही कायमचे बदनाम झाले असते. नोंद सत्याच्या बाजूची असते. ते सत्य कधी लसीच्या विरुद्ध जाते, कधी तिला वाचविते.

ती लसीला कशी वाचविते, याचे अलीकडचे उदाहरण तर अभिमान वाटावा असे आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटा विषाणूवरील पहिली लस बाजारात आली. काही बालकांचे आतडे आतड्यात शिरून अडकण्याचा गंभीर विकार तिच्यामुळे होतो, हे लक्षात आल्यावर वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. हा धोका साधारण दहा हजार बालकांत एक एवढा होता. इतका विरळ धोका परवान्यापूर्वीच्या चाचण्यांत सहसा सापडत नाही. भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक लसीची दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील तिसऱ्या टप्प्यातील चाचणी मोठीच होती, पण तिच्यातही बालके ६,७९९. दहा हजारांत एक घडणारी गोष्ट पावणेसात हजारांत दिसलीच पाहिजे असे नाही. म्हणून २०१६ मध्ये ही लस सार्वत्रिक लसीकरणात आली, तेव्हाच देशातील २७ रुग्णालयांत या विकाराच्या बालकांची नोंद ठेवण्यास सुरुवात झाली आणि प्रत्येकाच्या लसीकरणाच्या तारखा पडताळल्या गेल्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लसीनंतर हा विकार वाढल्याचे आढळले नाही. एका भारतीय लसीला भारतीय रुग्णालयांतील भारतीय नोंदींनी दिलेले हे प्रमाणपत्र परकीय संस्थेच्या शिफारसपत्राहून अधिक मोलाचे आहे. स्वदेशीचा आग्रह धरायचा, तर स्वदेशी लसीची कठोरातील कठोर परीक्षाही स्वदेशातच झाली पाहिजे आणि ती घेण्याची साधने आपलीच हवीत.

या साधनांच्या अभावी काय होते, तेही देशाने पाहिले आहे. आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे २००९ मध्ये एका अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने शालेय मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. मुलींमध्ये वनवासी आणि गरीब घरांतील मुलींचे प्रमाण मोठे होते. सात मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविला गेला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे सिद्ध झाले नाही. पाण्यात बुडणे, सर्पदंश अशी कारणे पुढे आली. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये या प्रकल्पावर जे कोरडे ओढले, ते संमती घेण्यातील बेफिकिरीबद्दल आणि प्रतिकूल घटना टिपण्याची धड यंत्रणाच नसल्याबद्दल होते. एका उपयुक्त लसीभोवती संशयाचे जे जाळे तेव्हा विणले गेले, ते विरायला पुढे अनेक वर्षे लागली.

कोरोनानंतर तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंविषयी उठलेल्या अफवांचेही तसेच झाले. गरबा खेळताना, व्यायामशाळेत, लग्नमंडपात कोसळणाऱ्या तरुणांची चित्रे घराघरांतील मोबाइलवर फिरू लागली आणि प्रत्येकाखाली एकच निदान लिहिलेले असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साह्याने १८ ते ४५ या वयोगटातील अशा ७२९ मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाहीच. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. धूम्रपान, अतिमद्यपान, घराण्यातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास आणि कोरोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, ही कारणे अधिक ठळक होती. अभ्यास उत्तम होता, पण तो प्रसिद्ध होईपर्यंत २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. माणसे पाठवून, घरोघर विचारून माहिती गोळा करावी लागली. तोवर अफवेने गावेच्या गावे पालथी घातली होती. २०२४ मध्ये अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात अतिविरळ दुष्परिणामाची कबुली दिल्याचे वृत्त आले, तेव्हा ती पुन्हा नव्याने निघाली.

आता नाशिक जिल्ह्याकडे वळू. सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील गावांतील ग्रामस्थांनी डिसेंबर २०२२ मध्ये आपली गावे गुजरातला जोडण्याची मागणी केली होती. रस्ते, पाणी, शाळा यांच्याबरोबरच आरोग्यसेवेचा अभाव हे त्या उद्वेगाचे कारण होते. मागणी राजकीयदृष्ट्या विरून गेली, पण तिच्यातील वस्तुस्थिती तशीच आहे. आजारी माणसाला जवळचा रस्ता सीमेपलीकडे नेतो. सुरगाण्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या बालकाला लस टोचली, त्याला चौथ्या दिवशी झटके आले, तर आई त्याला वलसाड किंवा डांग जिल्ह्यातील रुग्णालयात नेऊ शकते. लसीची नोंद महाराष्ट्रात आणि झटक्यांची गुजरातमध्ये. रोजगारासाठी आईबाप द्राक्षबागांच्या दिंडोरी-निफाडकडे उतरलेले असतील, तर तिसरा दवाखाना नाशिक शहरातील एखादा खासगी. लसीकरणाचे कार्ड मात्र घरी पत्र्याच्या पेटीत. या बालकाच्या बाबतीत लस आणि आजार यांचा संबंध आहे अथवा नाही, हे कोणती समिती कोणत्या आधारावर ठरविणार?

को-विनमुळे देशाने लसीची नोंद ठेवण्यात मोठी मजल मारली, यात शंका नाही. बालके आणि गर्भवती मातांसाठी यू-विनचा प्रयोग जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत सुरू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आले; चौदा अंकी आभा क्रमांकाखाली नागरिकाचे आरोग्याचे कागद एकत्र यावेत, ही त्यातील कल्पना. पाया घातला गेला आहे, पण तो जोडण्याच्या कामातच खाचखळगे आहेत. को-विनवर एका भ्रमणध्वनी क्रमांकावर प्रथम चार आणि पुढे सहा जणांची नोंद करता येत होती, म्हणजे क्रमांकावरून माणूस ओळखता येत नाही. माहेरचे नाव, सासरचे नाव, कोठे आडनाव आधी तर कोठे वडिलांचे, त्यावर इंग्रजी वर्णलेखनातील गोंधळ. एकच स्त्री तीन नोंदींत तीन व्यक्ती होऊन बसते. हे संगणक आपोआप सोडवील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. तालुक्यातील कोणा कर्मचाऱ्याला बसून ते निस्तरावे लागते आणि त्या कर्मचाऱ्याचे पद आधी मंजूर व्हावे लागते.

रुग्णालयीन नोंदींचा एक साठा महाराष्ट्राकडे तयार आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन पुढे राज्यभर गेलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना लाभार्थ्याचे निदान आणि उपचारांची तारीख प्रतिपूर्तीसाठी संगणकावर चढविते. बिलासाठी केलेल्या नोंदी संशोधनासाठी अपुऱ्या असतात हे खरे, आणि त्यांत सर्व आजार येतही नाहीत. तरीही मेंदूतील गुठळी, पक्षाघात, आतड्याची शस्त्रक्रिया यांसारख्या गंभीर घटना त्यांतून दिसू शकतात. अमेरिकेत १९९० पासून चालू असलेली लससुरक्षेची यंत्रणाही मोठ्या आरोग्यसेवा संस्थांच्या दैनंदिन नोंदींवरच उभी राहिली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने तर २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांत घरोघरच्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद ठेवून दाखविली आहे. अनुभव परका नाही, घरचाच आहे.

नोंदी जोडायच्या म्हटले, की नागरिकाच्या खासगीपणाचा प्रश्न येतो, आणि तो क्षुल्लक म्हणून झटकून टाकता येणार नाही. प्लेग निवारणाच्या नावाखाली १८९७ मध्ये पुण्यात सैनिक घराघरांत शिरले आणि लोकांच्या देवघरांपर्यंत पोहोचले, त्याची स्मृती महाराष्ट्राला आहे. सरकारचा हेतू चांगला असला, तरी उंबरठा ओलांडण्याची रीत असते. जून २०२३ मध्ये को-विनवर नोंदलेली नागरिकांची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याचे उघड झाले. को-विन फोडले गेल्याचा सरकारने इन्कार केला, पण ज्यांची माहिती बाहेर दिसली त्यांना त्या इन्काराने दिलासा मिळाला नसणार. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. संशोधकाला रुग्णाचे नाव लागत नाही, पत्ता लागत नाही. लागतात त्या दोन तारखा, बॅच आणि निदान. नाव काढून टाकल्यानंतरच नोंद पुढे जाईल, ती कोणी पाहिली याचीही नोंद राहील आणि विमा कंपनी वा औषध कंपनी यांना तिला स्पर्श करता येणार नाही, एवढे नियमांत स्पष्ट आणि अंमलबजावणीत काटेकोर असले पाहिजे.

दुष्परिणामांची वाच्यता केली, तर लोक लस घेणेच सोडतील, अशी भीती अधिकारीवर्गात खोलवर आहे. तिला आधार नाही असे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी आणि आपल्याच जिल्ह्यातील मालेगावात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा लस न मिळालेल्या बालकांची संख्या किती मोठी होती, हे समोर आले. लस नाकारण्याची किंमत बालके मोजतात. पण लपविल्याने भीती कमी होते, हे गृहीतच चुकीचे आहे. ज्या आईच्या शेजारच्या घरात मूल आजारी पडले आहे, तिच्यापासून ती गोष्ट लपत नसते. लपतो तो केवळ तिचा खुलासा. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दिलेला निर्देश याच दिशेचा होता. नागरिक आणि खासगी डॉक्टर यांनाही संशयित दुष्परिणाम थेट नोंदविता आले पाहिजेत आणि व्यक्तीची ओळख उघड न करता ते अहवाल जनतेला पाहता आले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. औषधांच्या दुष्परिणामांसाठी गाझियाबाद येथील राष्ट्रीय केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तो किती दवाखान्यांच्या भिंतीवर लिहिलेला दिसतो?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकलाच आहे. राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. खेड्यातील तापाचा रुग्ण प्रथम ज्या वैद्याकडे वा परिचारिकेकडे जातो, तीही बहुधा याच विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली असते. लसीनंतरच्या घटनेचा अर्ज कसा भरावा, हे प्रत्येक विद्यार्थ्याने आंतरवासितेत प्रत्यक्ष करून दाखविले पाहिजे, असा नियम विद्यापीठाने करावा. संलग्न रुग्णालयांतील निदानांच्या नोंदी ओळख वगळून जिल्हा लसीकरण कार्यालयाशी जोडण्याचा पहिला प्रयोगही नाशिक जिल्ह्यातच व्हावा. आणि सुरगाण्याच्या बालकासाठी नाशिक, वलसाड व डांग येथील जिल्हाधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून, सीमेपलीकडे दाखल झालेल्या रुग्णाची वर्दी अलीकडच्या आरोग्य केंद्राला किती तासांत आणि कोणी द्यायची, हे लेखी ठरवावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, दिल्लीची अनुमतीही लागत नाही.